ओळखीच्या माणसांचा ग्रुप: शिवारापुरता व्हॉट्सॲप गट कसा उभारावा आणि कसा टिकवावा

श्रावणातली झड चार दिवस लागून राहते, पाचव्या दिवशी उघाड मिळते आणि कास्तकार वावरात जाऊन पाहतो तर सोयाबीनचा एक पट्टा पिवळा पडलेला. तो फोटो काढतो आणि फेसबुकवरच्या लाखभर सदस्यांच्या शेतकरी ग्रुपवर टाकतो. अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस. एक जण लोहाची कमतरता सांगतो, दुसरा पिवळा मोझॅक म्हणून उपटायला लावतो, तिसरा कुठल्याशा टॉनिकचं नाव लिहून खाली आपला नंबर देतो. जमीन कशी, पाणी किती वेळ साचलं, वाण कोणता, पेरणी कधीची, हे कोणी विचारत नाही. तोच फोटो शिवारातल्या चाळीस-पन्नास जणांच्या ग्रुपवर गेला, तर धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा माणूस लिहितो, “भाऊ, तुह्या वावराच्या खालच्या अंगाले पानी तुंबते, मांगच्या सालीबी तठीच पिवयी पडली होती. आधी चर काढ.”

सोयाबीन पिवळं पडायला यातलं कोणतंही कारण असू शकतं. मोठ्या ग्रुपवरचा प्रत्येक जण कदाचित आपल्या वावरापुरता बरोबरही असेल. पण यातलं नेमकं कारण कोणतं हे ठरवायला जागा माहीत असावी लागते, आणि जागा माहीत असलेली माणसं मोजकीच असतात. त्या मोजक्या माणसांना फोनवर एकत्र कसं आणायचं आणि पुढच्या हंगामापर्यंत टिकवून कसं ठेवायचं, ते या लेखात क्रमाने मांडतो. उदाहरणं बहुतेक विदर्भातल्या शेतीची आहेत, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

मोठ्या निनावी ग्रुपवर विसंबण्यात धोका कुठे आहे

टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये दोन लाख माणसं बसतात. फेसबुकच्या ग्रुपला तर तेवढीही मर्यादा जाणवत नाही. तिथे सल्ला देणाऱ्याचं काही पणाला लागलेलं नसतं. त्याच्या सल्ल्याने तुमची पऱ्हाटी (कपाशी) करपली तर त्याला कळणारही नाही, आणि कळलं तरी तो तुम्हाला शनिवारच्या बाजारात भेटणार नाही. गावातला माणूस चुकीचं सांगेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच पांदणीने त्याला तुमच्यासमोरून जायचं असतं. एवढ्यानेच तो बोलण्याआधी दोनदा विचार करतो.

फवारणीच्या बाबतीत हे जीवावर बेततं. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, अनेक जण दवाखान्यात पोहोचले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि टाकीत एकत्र कालवलेली दोन-तीन औषधं, असं सगळं त्या वेळी एकत्र आलं होतं. आजही मोठ्या ग्रुपांवर अशी मिश्रणं बिनदिक्कत सुचवली जातात. सुचवणाऱ्याला तुमचा फवारणीवाला मजूर दिसत नसतो.

अफवेचं तर विचारूच नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्या आधी कितीतरी दिवस फोनाफोनीत मुलं पळवल्याच्या संदेशांची फिरवाफिरव चालू होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. बंधनाने वेग कमी होतो, पण संदेश खरा की खोटा हे तपासायला माणूसच लागतो.

आधी हद्द ठरवा

पहिलं काम कागदावर करा, फोनवर नंतर. ग्रुप कोणत्या गोष्टीसाठी आणि कोणत्या हद्दीत, हे एका वाक्यात लिहून पाहा. “आमच्या गावासाठी” एवढं पुरेसं नाही. गावाच्या नावाने काढलेल्या ग्रुपवर वाढदिवस, निवडणूक आणि देवीचे फोटो येतात आणि महिनाभरात लोक तो म्यूट करून टाकतात.

हद्द नैसर्गिक असली की ग्रुप टिकतो. पश्चिम विदर्भात एका शिवारातले कपाशी-सोयाबीनवाले, किंवा एकाच डीपीवरून (विजेच्या रोहित्रावरून) ज्यांचे कृषीपंप चालतात ते सगळे. भंडारा-गोंदियाकडे एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर ज्यांची धानाची बांधी भिजते ते. वरुड-मोर्शी पट्ट्यात एकाच भागातले संत्रेवाले, त्यातही आंबिया बहार घेणारे आणि मृग बहार घेणारे यांचे प्रश्न वेगळ्या महिन्यांत येतात, हे लक्षात ठेवायचं. ताडोब्याच्या काठच्या गावांत वाघाची हालचाल हाच मुख्य विषय असेल, तर तेवढ्याचसाठी ग्रुप असावा. पाणी एक, डीपी एक, जंगलवाट एक, म्हणजे गरज एक. गरज एक असली की माणसं सांगून-सवरून बोलवावी लागत नाहीत.

आता संख्या. व्हॉट्सॲप एका ग्रुपमध्ये १,०२४ जण घेऊ देतं, म्हणून तेवढे घ्यायचे नसतात. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात असं मांडलं की माणसाला साधारण दीडशे लोकांशीच खरी ओळख राखता येते. या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत, तरी गावात राहणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. माझं मत याहून कमी संख्येचं आहे. कामाच्या ग्रुपला तीस ते साठ माणसं पुष्कळ झाली. प्रत्येकाचं वावर, घर आणि आवाज बाकीच्यांना माहीत असावा, ही कसोटी. नंबर पाहून “हा कोण?” असा प्रश्न पडू लागला की ग्रुप मोठा झाला समजा आणि दोन शिवारांचे दोन गट करा.

पहिली दहा माणसं

ग्रुप काढून शंभर नंबर एकदम टाकणं ही सगळ्यात वाईट सुरुवात. दहा जणांना आधी समोरासमोर बसवा. शाळेच्या ओट्यावर, मंदिराच्या पारावर, कुठेही. काय हवं, काय नको, ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

या दहांत कोण असावं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जो माणूस रोज वावरात जातो आणि पाहिलेलं नीट सांगतो, तो हवा, मग त्याला टाइप करता येत नसलं तरी चालेल. फोनची माहिती असलेला एखादा पोरगा किंवा पोरगी हवी. बचत गटातल्या दोन-तीन बाया हव्याच. निंदणी आणि वेचणी त्यांच्या हातची असते, त्यामुळे बोंडात अळी आहे की नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. अडचण अशी की पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात. बाईचा स्वतःचा नंबर असेल तर तो वेगळा घ्या, “घरातला एक नंबर आहे ना” म्हणून सोडून देऊ नका.

भूमिहीन मजूर आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडीही हवेत. ते नसले तर हा जमीनवाल्यांचा ग्रुप होतो, तिथे मजुरीचे दर मजुरांच्या पाठीमागे ठरतात आणि गावातली जुनी दरी फोनमध्ये जाऊन बसते. गावातल्या दोन्ही-तिन्ही वस्त्यांतून माणसं आलेली असली पाहिजेत. पहिल्या दहांतच ती नसतील तर नंतर येणार नाहीत, हे मी ठामपणे सांगतो.

कृषी केंद्रवाल्याला घ्यायचं का? तो गावचाच, चांगला माणूसही असेल. तरी माझा सल्ला नको असाच आहे. त्याच्यासमोर कोणी “हे औषध लागू पडलं नाही” असं मोकळेपणाने लिहीत नाही, कारण उधारी त्याच्याकडेच असते. कृषी सहायक, तलाठी, लाइनमन यांनाही कायमचे सदस्य करू नका. प्रश्न गोळा करून आठवड्यातून एकदा एकाच माणसाने त्यांना फोन करावा आणि उत्तर ग्रुपवर सांगावं. अधिकारी ग्रुपवर असला की निम्मे लोक गप्प बसतात आणि उरलेले तक्रारीच करतात.

फोनमधल्या सेटिंग

हे एकदाच करायचं काम आहे, दहा मिनिटांत होतं.

ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच येईल असं करा. नाव आणि फोटो बदलण्याचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवा. आमंत्रणाची लिंक स्टेटसवर किंवा दुसऱ्या ग्रुपवर कधी टाकू नका. चुकून बाहेर गेलीच तर लिंक रीसेट करा, म्हणजे जुनी निकामी होते. ॲडमिन तीन ठेवा, तिघं तीन वेगळ्या घरांतले, त्यातली एक बाई.

आपोआप डाउनलोड प्रत्येकाच्या फोनमध्ये बंद करून द्या. स्वस्त फोनची जागा फोटो-व्हिडिओने भरली की माणूस सगळ्यात आधी ग्रुप सोडतो. आपल्याला कोणत्याही ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं, हे खासगीपणाच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. तिथे “फक्त माझे संपर्क” निवडा, म्हणजे शेअर बाजार आणि लॉटरीच्या ग्रुपांमध्ये अनोळखी लोक तुम्हाला ओढू शकणार नाहीत. आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सहा आकडी पिन घाला. ओळखीच्या ग्रुपची ताकद विश्वासात असते आणि चोराला तोच विश्वास हवा असतो. एकाचं खातं चोरीला गेलं की त्याच्या नावाने “दवाखान्यात आहो, अर्जंट पाच हजार टाक” असा संदेश सगळ्यांना जातो. म्हणून ग्रुपचा एक पक्का नियम करा: पैशाची मागणी आली तर आधी त्या माणसाला साधा फोन लावून आवाज ऐकायचा. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं.

नियम, आपल्या भाषेत

लांबलचक नियमावली कोणी वाचत नाही. पहिल्या बैठकीत ठरलेलं पाच-सहा ओळींत लिहा आणि तो संदेश ग्रुपच्या वर पिन करून ठेवा. नमुना देतो, तुमच्या गावच्या बोलीत बदलून घ्या:

“हा ग्रुप शिवारातल्या पीक-पाण्यासाठी आहे. काहीही सांगताना कोणी पाहिलं, कुठं पाहिलं, कधी पाहिलं हे लिहा. स्वतः न तपासलेलं फॉरवर्ड नको. राजकारण, जात, धर्म, जाहिरात नको. आधार, सातबारा, बँक पासबुकाचा फोटो कोणी टाकू नये. जीवाचं काम असेल तर सुरुवातीला ‘तातडी’ लिहा आणि सोबत फोनही करा.”

यातली दुसरी ओळ सगळ्यात मोलाची आहे. “बिबट फिरून राहिला” या संदेशाचा काही उपयोग नाही. “आज सकाळी सहाला नाल्याच्या पुलाजवळ, मी स्वतः पंजाचे ठसे पाहिले” याचा उपयोग आहे. पहिले दोन महिने ॲडमिनने प्रत्येक अर्धवट संदेशावर न चिडता एवढंच विचारायचं: “काकाजी, कोठं आणि कवा?” सवय लागते. बिबट-वाघाची खबर ग्रुपपुरती ठेवू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावरही द्या.

सुप्रभातचे फोटो बंद करताना वयस्कांचा अपमान होऊ देऊ नका. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना तेवढंच पाठवता येतं. त्यांना आवाजी संदेश पाठवायला शिकवा. एका मिनिटाच्या आत, आधी विषय सांगून मग बोलायचं. शेतीतलं खरं ज्ञान त्याच लोकांकडे आहे आणि ते टाइप होऊन येणार नाही.

ग्रुपला रोजचं काम द्या

ज्या ग्रुपला ठरलेलं काम नसतं त्यात रिकाम्या गप्पा शिरतात. चार-पाच कामं अशी आहेत की ती स्थानिक ग्रुपच करू शकतो, लाखभर लोकांचा ग्रुप कधीही करू शकणार नाही.

सगळ्यात आधी गुलाबी बोंडअळीची पाहणी. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, पाहणीसाठी हेक्टरी पाच. एकट्याने लावले तर एकाच वावराचं चित्र कळतं. पण शिवाराच्या चार दिशांना सात-आठ कास्तकारांनी लावले आणि रोज सकाळी आकडा ग्रुपवर टाकला, तर पतंग कुठून वाढताहेत हे सगळ्यांना दिसतं. शिफारस अशी आहे की सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर नुकसानीची पातळी गाठली समजायचं. दुसरी खूण म्हणजे वीस झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनमध्ये अळी दिसली तर दहा टक्के. फुलं डोमकळी झालेली, म्हणजे न उमलता मिटून राहिलेली दिसली तर त्याचाही फोटो टाका. संदेश एवढाच पुरे: “वरचं शिवार, सापळा २, आज पतंग ५.” असे आकडे महिनाभर आले की “औषध मारू का?” हा प्रश्न अंदाजाने सोडवावा लागत नाही. ज्याच्या बाजूला पतंग नाहीत त्याची एक फवारणी वाचते, म्हणजे पैसेही वाचतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विषही कमी येतं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, कधी मोडायची हेही असंच एकत्र ठरवा. एकाने मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की पुढच्या हंगामात त्याची अळी सगळ्यांच्या वाट्याला येते.

औषध कोणतं, हे मात्र ग्रुपवर मतदानाने ठरवू नये. त्याचा एकच नियम: अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्राची शिफारस असेल तर ती कुठून घेतली ते सांगून टाकायची, बाकी नावं टाकायची नाहीत. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक पिन केलेल्या संदेशात असू द्या. डब्यावरच्या लेबलचा फोटो टाकायची पद्धत पाडा. त्यावरचा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. हे मजुरांनाही माहीत असलं पाहिजे, म्हणूनही ते ग्रुपवर हवेत.

दुसरं काम पावसाची नोंद. सरकारी आकडा महसूल मंडळातल्या यंत्राचा असतो आणि मंडळ मोठं असतं. विदर्भातला पाऊस एका नाल्याच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे थेंब पडत नाही, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. तळापासून तोंडापर्यंत एकसारखा सरळ असलेला डबा उघड्या जागी ठेवा, रोज सकाळी साडेआठला आत साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि डबा रिकामा करा. अतिवृष्टीची सरकारी पातळी २४ तासांत ६५ मिलिमीटर आहे. तुमच्या डब्याचा आकडा सरकार दरबारी पुरावा ठरणार नाही, पण पंचनामा मागायला जाताना तारीखवार नोंद हातात असली की बोलणं वेगळं होतं. आणि पेरणीच्या वेळी “माझ्याकडे किती झाला” या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. विजांच्या दिवसांत दोघा-तिघांनी दामिनी ॲप ठेवावं आणि इशारा आला की ‘तातडी’ लिहून टाकावं. झाडाखाली थांबलेल्या एखाद्या गुराख्याला घरून फोन जातो.

तिसरं, बाजारभाव. नुसता आकडा टाकून उपयोग नाही. हिंगणघाटला किंवा कारंज्याला भाव काय निघाला यासोबत ओलावा किती धरला, कट्टी (वजनातली कपात) किती लावली, चुकारा (मालाचे पैसे) रोख मिळाला की आठवड्याने, हे ज्याने माल विकला त्याने लिहायचं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलावा लागतो, कपाशीला ८ ते १२. दोन दिवस वाळवून माल नेला असता तर किती फरक पडला असता, हे कालच विकून आलेला शेजारी सांगतो तेव्हा पटतं.

बाकी कामं आपोआप सुचतात: थ्रेशर आज कोणाकडे आहे, डीपी जळाली तर किती जणांनी कळवलं, रात्री पीक राखायला जागलीला कोण जातो, रोही (नीलगाय)-डुकरांचा कळप कोणत्या धुऱ्याने शिरला.

बाहेरून आलेल्या संदेशाचं काय करायचं

छोट्या ग्रुपवर खोटं येत नाही असं नाही. उलट ओळखीच्या माणसाने टाकलं म्हणून ते लवकर खरं वाटतं. म्हणून बाहेरचा संदेश टाकणाऱ्याने आधी एक फोन करायचा, ज्याच्याबद्दल संदेश आहे त्याला किंवा त्या कार्यालयात. फोन केला असेल तर वर लिहायचं, “मी विचारलं.” केला नसेल तर टाकायचं नाही.

योजनेच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलवर (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) बोटसुद्धा ठेवू नका. पीएम किसानच्या नावाने अशा फाइल फिरतात, त्या उघडल्या की फोनमधले ओटीपी चोराच्या हाती लागतात. ग्रुपवर आली तर ॲडमिनने ती सगळ्यांसाठी डिलीट करावी आणि टाकणाऱ्याला फोन करून सावध करावं, बहुधा त्याच्याच फोनमध्ये गडबड झालेली असते. बिलाविना घरपोच बियाण्याच्या जाहिराती अशाच. मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं बेकायदा आहे, आणि उगवलं नाही तर बिलाविना तक्रार करायला जागा उरत नाही.

अनोळखी माणसं, मुलं पळवणारे, चोरांची टोळी असं काही आलं तर क्रम ठरलेला असू द्या: आधी पोलीस पाटलांना फोन, गरज वाटली तर ११२, त्यांचं उत्तर येईपर्यंत ग्रुप “फक्त ॲडमिन लिहू शकतील” असा करून ठेवायचा.

भांडण झालं तर

होणारच. धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून. ॲडमिन सगळ्यात आधी घाबरतो तो पोलिसांना. दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी आपल्याला धरतील या भीतीने चांगली माणसं ॲडमिन व्हायला तयार होत नाहीत. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, त्यात त्याचा समान हेतू किंवा आधीचं संगनमत असल्याशिवाय. तरी घाण मजकूर दिसला की काढून टाकणं हे त्याचं काम आहेच.

भांडणाला ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्याच दिवशी, शक्यतो घरी जाऊन बोला. साठ माणसांसमोर कोणी माघार घेत नाही, चहा पिताना घेतो. कोणाला काढायचं असेल तर तिन्ही ॲडमिनचं एकमत लागेल असं आधीच ठरवा आणि काढण्याआधी त्याला सांगा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने वर्षानुवर्षं ग्रामसभेतले निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथली निर्णयाला वेळ देण्याची रीत ग्रुपलाही लागू पडते. व्हॉट्सॲपचं पोल थ्रेशर कोणत्या दिवशी आणायचं याला ठीक आहे. पाण्याच्या पाळ्या पोलवर ठरवल्या तर ज्याचं घर मोठं त्याची मतं जास्त.

जे या ग्रुपवर आणू नये

ओळखीचा ग्रुप प्रत्येक दुखण्याला कामाचा नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय त्याचा आग्रह धरणं चुकीचं होईल. कर्ज, घरातली मारहाण, गुप्त आजार, मनातला काळोख या गोष्टी गावाला कळू नयेत असं वाटणं साहजिक आहे. तिथे अनोळखीपणा हाच आधार असतो. मनावर ताण असेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, बाईला घरात त्रास असेल तर १८१ आहे. हे दोन्ही नंबर पिन करून ठेवा, पण कोणी फोन केला का याची चौकशी ग्रुपवर कधी करू नका. एखादा नेहमी बोलणारा कास्तकार महिनाभर गप्प झाला, तर ॲडमिनने त्याच्या वावरात सहज चक्कर मारावी.

मोठे ग्रुपही सोडून द्यायला नकोत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरीला, संत्र्याची बाहेर देशात विक्री समजून घेणाऱ्याला गावात उत्तर मिळणार नाही. तिथे वाचायला जावं, मिळालेलं तपासावं आणि कुठून आणलं ते सांगून गावच्या ग्रुपवर मांडावं. आपला नंबर आणि वावराचा पत्ता तिथे देऊ नये.

पुण्याला-नागपूरला गेलेली गावची पोरं ग्रुपवर यायला मागतात. त्यांची ओढ खरी असते, म्हणून त्यांना वेगळा ग्रुप काढून द्या. कामाच्या ग्रुपवर ती आली की आठवणी आणि उपदेश वाढतात.

फोन नसलेल्यांपर्यंत

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात नेटवर्क टेकडीवर जाऊनच मिळतं, आणि सपाटीवरच्या गावांतही प्रत्येकाकडे स्मार्टफोन नाही. म्हणून दर गल्लीत एक माणूस नेमा, ‘तातडी’चा संदेश त्याने शेजारच्या पाच घरांत तोंडी पोहोचवायचा. आठवड्याचे सापळ्यांचे आकडे, पाऊस आणि भाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. हे काम शाळकरी पोरं आनंदाने करतात.

आणि एक वही ठेवा. फोन हरवतो, ॲडमिन बदलतो, जुने संदेश खाली गाडले जातात. तूर घरात आली की ॲडमिनने दोघांना सोबत बसवून वर्षभरातलं कामाचं वहीत उतरवून काढावं: कोणत्या तारखेला पहिला पतंग दिसला, कुठल्या वावरात पाणी तुंबलं, कोणत्या वाणाने दगा दिला, कोणत्या व्यापाऱ्याने चुकारा वेळेवर दिला. त्याच बैठकीत एक ॲडमिन बदला, गाव सोडून गेलेले नंबर काढा आणि पुढच्या खरिपात सापळे कोणाकोणाच्या वावरात लागतील त्यांची नावं वहीच्या नव्या पानावर लिहून घ्या.